घर हाय का, विचारायला जीप आली

भवानी पेठेतल्या आमच्या खोलीत हंड्यातलं पाणी कधी झोपलं नाही. भिंतीपलीकडं घरमालकिणीचे चार यंत्रमाग होते. सकाळी सुरू झाले की पाळी सुटेपर्यंत धाडधाड चालायचे, आणि आमच्या जर्मनच्या हंड्यातल्या पाण्यावर बारीक बारीक गोल उठत राहायचे. मांडणीवरची ताटं एकमेकांना घासायची. बायको भाकरी थापायला बसली की परातीतलं पीठ आपसूक कडेला सरकायचं. लाईट गेली की माग थांबायचे. सगळी पेठ शिव्या घालायची, आणि ही अर्धी वळलेली बिडी सुपात ठेवून हंड्याकडं बघत बसायची. म्हणायची, "झोपलं बघा." लाईट आली की पाणी परत जागं.

ती गेली त्याला दीड वर्ष झालं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. वाचता येतं, सही येते, लिहायला बसलो की ओळ वर वर चढत जाते. तरी एवढी एक गोष्ट लिहायची आहे, कारण ती मी लोकांना कितीतरी वर्षं खोटी सांगितली.

सरकारनं गरिबाला पहिल्या घरासाठी पैसे द्यावेत का, यावर पेपरात शिकलेली माणसं लिहितात. मी वाचतो. त्यांच्या लिहिण्यात घर असतं, पैसा असतो, पण घरात उभी असलेली बाई नसते. माझं मत मी सांगणार आहे. आधी काय झालं ते सांगतो.

मी मूळचाच संशयी. बाजारात भाजीवालीनं एक वांगं जास्तीचं टाकलं तर मी ते घरी येईपर्यंत दहा वेळा उलटंपालटं करून बघणार. बायको म्हणायची, "तुमाला देव भेटला तर तुमी त्याला बी रेशनकार्ड मागाल." माझं म्हणणं एवढंच होतं, की फुकट देणारा माणूस दुसऱ्या हातानं काय उचलतो ते बघावं.

आम्ही मंगळवेढ्याकडचे. गावातलं घर आधीच पडलेलं होतं, दुष्काळात उरलेले वासे विकले आणि सोलापूरला आलो. मला सूत रंगवायच्या कारखान्यात काम मिळालं. सुताच्या लडी उकळत्या रंगात बुडवायच्या, पिळायच्या आणि मागच्या अंगणात बांबूवर वाळत घालायच्या. हात कोपरापर्यंत रंगलेले असायचे. जेवताना भाकरीला रंग लागत नव्हता, पण लागल्यासारखं वाटायचं. बायको घरी बसून बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओली पानं, कात्री. तीन पोरं. खोली एक.

बायकोची एक रीत सांगितली पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ती घरात "न्हाय" म्हणायची नाही. मीठ संपलं तर "मीठ वाढलं" म्हणायची. कुंकू संपलं तरी वाढलं, तंबाखू संपली तरी वाढली. असं पुष्कळ घरांत म्हणतात, पण हिचं जास्त होतं. घराची वास्तू सारखी तथास्तु म्हणत असते, आपण न्हाय म्हणलं की ती म्हणते बरं, तसंच होऊ दे, आणि मग खरंच न्हाय होतं, असं तिच्या आईनं तिला शिकवलेलं. त्यात दिवेलागणीला तर जास्तच जपायची. मी मुद्दाम विचारायचो.

"चहाची पावडर हाय का?"

"वाढलीय."

"म्हंजी न्हाय."

"मी न्हाय म्हणले का? तुमी म्हणला. दुकानाला जावा आता."

अशी बाई. हसायचो मी तिला. भाड्याच्या खोलीची वास्तू म्हणे हिचं ऐकते! अगं, ती ऐकत असली तर मालकिणीचं ऐकत असंल, भाडं तिला जातंय.

मालकीण तेलुगू विणकराच्या घरातली. सगळी पेठ तिला आक्का म्हणायची. तोंडानं तिखट, पण भाडं थकलं तरी सामान बाहेर काढणारी नव्हती. तिचा नियम एकच होता, भिंतीत खिळा ठोकायचा नाही. मागाच्या हादऱ्यानं आधीच गिलावा सुटत होता. त्यामुळं आमचे देव फळीवर, आरसा ट्रंकेवर आणि कपडे दोरीवर. आरसा हादरून रोज थोडा सरकायचा आणि रोज संध्याकाळी बायको तो मागं ढकलायची.

आणीबाणीचं वर्ष होतं. बिडीच्या बायकांत बातमी आली की ज्यांना कुठंच घर नाही अशा कामगारांची सोसायटी होणार, गावाबाहेर जागा मिळणार, आणि पहिलं घर बांधायला सरकार अनुदान देणार. परत करायचं नाही, असं. बायको बिडीचा माल देऊन कारखान्यातून परत आली ती पळतच.

"अवो, अर्ज करायचाय."

"कशाचा?"

"घराचा. सरकार देतंय."

"सरकार देतंय? कशापायी?"

"आपल्याला न्ह..." म्हणाली आणि थांबली. जीभ चावली. मग म्हणाली, "आपल्याला पायजे म्हणून."

मी म्हणालो, "मला बी लई काय काय पायजे. ते कुटं देतंय?"

पण ती हटली नाही. सोसायटीच्या चेअरमनला घेऊन आली. चेअरमन म्हणजे आमच्यासारखाच पूर्वीचा गिरणी कामगार, पण आता त्याच्याकडं सायकल, चष्मा आणि चामड्याची पिशवी होती. मला चामड्याच्या पिशवीचा भरवसा वाटत नाही. त्यानं फॉर्म काढला, विचारून विचारून भरला, आणि माझी सही घेतली. सहीच्या वरची ओळ मी बोट ठेवून वाचली. 'माझे किंवा माझ्या कुटुंबाचे नावे कोठेही घर नाही.'

मी विचारलं, "ह्यात काय गोम?"

"गोम कसली? साहेब चौकशीला येतील. नवराबायको दोघं घरात ऱ्हावा. विचारतील घर हाय का. न्हाय म्हणायचं. सही करायची. झालं."

"आन जागा कुणाची?"

त्यानं ज्याची जमीन होती त्याचं नाव सांगितलं, आणि माझ्या डोक्यात लगेच किडा वळवळला. त्या माळावर सहा महिन्यांपूर्वी कुणी शेळी बांधत नव्हतं. अनुदानाची बातमी फुटली आणि त्या माळाचा भाव चढला. म्हणजे पैसा निघणार आमच्या नावानं आणि जाणार जमीनवाल्याच्या कनवटीला. मी हे तोंडावर बोललो. चेअरमन म्हणाला, "तुमाला घर पायजे का हिशेब पायजे?" बायको मागून म्हणाली, "घर पायजे." पण तो माझा संशय खरा होता, आणि आजही मी तेच म्हणतो. सरकार गरिबाच्या हातात देतंय असं कळलं की मधल्या सगळ्यांचे भाव वाढतात. जागेचा, विटांचा, गवंड्याचा.

आता खऱ्या भीतीचं सांगतो.

त्या दिवसांत जीप आली की पुरुष पळायचे. नसबंदीच्या ऑपरेशनच्या कॅम्पला माणसं भरायची होती आणि ज्याला दोनपेक्षा जास्त पोरं त्याच्यावर डोळा होता. मला तीन. कुणी म्हणायचं बाजारातून उचलतात, कुणी म्हणायचं एसटीतून उतरवतात. कारखान्यात एकानं पुडी सोडली की घराच्या यादीत नावं घेतात ती डॉक्टरसाठीच. घर दाखवायचं आणि माणूस न्यायचा. पोरं किती, हे फॉर्मवर कशाला विचारलं होतं मग? मला हे इतकं पटलं की बास. फुकट देणाऱ्याचा दुसरा हात मला दिसला एकदाचा.

माझ्याबरोबर रंगाच्या टाकीवर एक मुसलमान जोडीदार होता. त्यानंही अर्ज केलेला, त्यालाही तीन पोरं. मी त्याला माझा संशय सांगितला. तो लडी पिळता पिळता हसला.

"हौला है क्या रे? घर देते बोले तो कायकू डरता?"

"तुला भ्या न्हाई वाटत?"

"डर लगता ना. मगर मेरी औरत का डर ज्यादा लगता. घर में नहीं मिला तो वो मेरा खुदीच ऑपरेशन करेगी."

सगळे हसले. मीही हसलो, पण हसू दातांपर्यंतच आलं.

चौकशीचा दिवस ठरला. सकाळी येणार होते. बायकोनं पहाटेच जमीन सारवली, पोरांना अंघोळी घातल्या, हंडा राखेनं घासला. मला म्हणाली, "आज खाडा करा." मी म्हणालो, अर्धा दिवस करतो. दुपारपर्यंत कुणी आलं नाही. मी म्हणालो, येत न्हाईत, आणि कामावर गेलो. ती दारापर्यंत आली. "आले तर पोराला धाडते बोलवायला. लगीच या." मी हो म्हणालो.

पोरगं आलं दिवस बुडता बुडता. कारखान्याच्या फाटकाशी येऊन ओरडलं, "बाबा, जीप आलीय!"

साहेब आले म्हणालं असतं तर मी गेलो असतो का? माहीत नाही. पण ते जीप म्हणालं. मी मुकादमाला म्हणालो, घरी जातो. मुकादम जा म्हणाला. फाटकापर्यंत गेलो. पोराला म्हणालो, तू पळ पुढं, मी आलो. ते पळालं. आणि मी वळून कारखान्याच्या मागच्या अंगणात गेलो, जिथं त्या दिवसाच्या निळ्या लडी नुकत्या टांगलेल्या होत्या. दोन रांगांच्या मधे शिरलो आणि भिंतीशी उकिडवा बसलो. पाठीला ओलं गार लागत होतं. चांगलं अंधारेपर्यंत तिथं बसून होतो. एक मांजर येऊन माझ्याकडं बघून गेलं.

घरी त्या वेळात जे झालं ते मला आक्कानं सांगितलं, कारण ती दारातच उभी होती.

बायकोनं नुकताच दिवा लावला होता आणि हात जोडून उभी होती. साहेब दारात आले. बरोबर एक कारकून, त्याच्या हातात वही.

"बाई, तुमचं स्वतःचं घर आहे का?"

"हाय की, देवाच्या दयेनं. या, आत या, बसा."

"हे नव्हे. हे तर भाड्याचं. दुसरं कुठं आहे का? गावाकडं?"

"गावाकडं बी हाय की. सगळं हाय."

गावाकडं चार दगड होते. त्यावर निवडुंग उगवलेलं.

आक्का मागून कुजबुजली, "अय्यो, काय बोलती ग! न्हाय म्हण, न्हाय!"

बायको तिच्याकडं वळून हळूच म्हणाली, "दिवा लावलाय की, आक्का."

साहेबाला त्यातलं काही कळलं नाही. तो शहरातला असावा, किंवा त्याच्या घरी बायका न्हाय म्हणत असाव्यात. त्यानं विचारलं, "नवरा कुठं आहे?"

"कामावर. पोरगं गेलंय बोलवायला. येतीलच की. तंवर च्या घ्या."

साखर वाढली होती. तिनं आक्काकडून वाटीभर आणली आणि चहा केला. साहेबानं चहा घेतला, थोडा वेळ थांबला, घड्याळ बघितलं. कारकुनानं वहीत लिहिलं. तिनं वहीतल्या नोंदीखाली अंगठा दिला. ज्या कागदानं आमचं घर गेलं त्यावर तिनं हसत अंगठा दिला, आणि जाताना म्हणाली, "परत या."

मी घरी पोचलो तर ती खुशीत होती.

"कुटं होता अवो? साहेब येऊन गेले. लई चांगला माणूस. च्या घेतला."

"रंग फसला होता. परत बुडवावं लागलं सगळं," मी म्हणालो. "काय इचारलं त्यानं?"

तिनं सांगितलं. मी कपाळावर हात मारून घेतला. आवाज चढवला. शेजारी जमा झाले. "अगं बये, त्यानं घर हाय का इचारलं आन तू हाय म्हणालीस? न्हाय म्हणायला तोंड झडलं असतं का तुझं?"

ती एकदम बारीक झाली. मग म्हणाली, "दिव्याच्या येळंला कसं म्हणायचं? तुमी असता तर तुमी म्हणला असता की. पुरुषमाणसाचं चालतं."

त्यावर मी जास्तच ओरडलो.

ती थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिली. मी पाणी प्यायला वळलो होतो. मग म्हणाली, "सदरा काढा. भिजू घालते." मी काढून दिला.

महिनाभरानं यादी लागली. आमचं नाव नव्हतं. मी कचेरीत जाऊन वाचलं, बोट ठेवून. 'अर्जदार गैरहजर. अर्जदाराच्या पत्नीने स्वतःचे घर असल्याचे सांगितले.' बिडीच्या कारखान्यात माल तपासताना खराब बिड्या बाजूला काढतात, त्याला छाट म्हणतात. तशी आमची छाट झाली. एवढं वळलं, बांधलं आणि शेवटी छाट.

मी चेअरमनला गाठला. त्याच्या अंगावर गेलो. म्हणालो, "माझी जागा कुणाला इकलीस?" तो चिडला नाही, तेच मला जास्त संशयाचं वाटलं. म्हणाला, "अवो, बायामाणसाचं असं हुतं, हे साहेबाला मी समजावतो. परत चौकशी लावून घेतो. फकस्त तुमी त्या येळंला कामावर हुता, एवढं कारखान्याकडनं लिहून आना. गैरहजरीचं कारण दावलं की झालं."

आता काय आणणार? मुकादमानं मला सोडलेलं. हजेरीच्या वहीत माझ्या नावापुढं तशी नोंद होती. मला एकच करता आलं असतं. चेअरमनला सांगायचं, की मी भ्यालो आणि लपलो. तो हसला असता. साहेबही हसला असता. माझ्यासारखे पुष्कळ लपलेले होते, त्यांना सवय असणार. आणि कदाचित काम झालं असतं.

मी चेअरमनला म्हणालो, "मालक लिहून देत न्हाई."

घरी येऊन बायकोला म्हणालो, "चेअरमननं जागा खाल्ली. आन तुझ्या तोंडानं त्याला वाट दिली."

जोडीदाराला घर मिळालं. त्याचा साहेब सकाळी आला होता, तो घरात होता, घर नाही म्हणाला, सही केली. त्याला कुणी जीपमधून नेलं नाही. घराच्या यादीतल्या कुणालाच नेलं नाही, निदान आमच्या ओळखीतल्या. दुसऱ्या कामाला फिरणाऱ्या जीपा होत्या, त्यांनी नेलेले वेगळे. माझा संशय खोटा नव्हता, फक्त मी तो चुकीच्या जीपवर घेतला.

पुढच्या वर्षी त्यानं आम्हाला नव्या घरी जेवायला बोलावलं. दोन खोल्या, विटांच्या भिंती, वर पत्रा. आजूबाजूला अजून माळच. मी जाताच खोट काढायला सुरुवात केली. भिंत एकेरी आहे. सिमेंट कमी आहे. पत्रा उडेल. गवंड्यानं खाल्लं, आणखी कुणी कुणी खाल्लं. जोडीदार म्हणाला, "सब खाए भाई. मगर मेरे को भी थोडा छोडे ना."

बायको कुठं दिसेना. बघतो तर आत, स्वयंपाकाच्या जागी उभी. त्यांच्या हंड्यावरचं झाकण काढून वाकून बघतेय.

जोडीदाराची बायको म्हणाली, "पानी में क्या देखते बाई?"

ही म्हणाली, "झोपलंय की ओ." आणि झाकण परत ठेवलं, आवाज न करता, पाळण्यात पोर असल्यासारखं.

परत येताना मी वाटभर त्या एकेरी भिंतीवरच बोलत होतो.

त्यानंतर भवानी पेठेत आम्ही अकरा वर्षं काढली. त्याच खोलीत, चार मागांचे सहा झाले तरी. मी कुणाकडं गेलो, कुणी आमच्याकडं आलं, की ही गोष्ट रंगवून सांगायचो. साहेब घर हाय का विचारतोय आणि आमची म्हणतेय हाय की, च्या घ्या. लोक पोट धरून हसायचे. तीही हसायची, पदर तोंडाला लावून. मला वाटायचं, चला, हिनं मनाला लावून घेतलं नाही.

तिचे कान कधी गेले ते मला कळलं नाही. मागाच्या आवाजात सगळेच ओरडून बोलायचे, त्यामुळं तिला कमी येतंय हे ध्यानात यायला वेळ लागला. डॉक्टर म्हणाला, आवाजानं झालंय, परत यायचं नाही. शेवटी तिच्या बिडीच्या फंडाचे आणि माझ्या कारखान्याचे पैसे घालून आम्ही गावाबाहेर दोन खोल्या बांधल्या. तेव्हाही सरकारी योजना होती, पण मी अर्जाला हात लावला नाही. ऐटीत म्हणायचो, सरकारचा एक पैसा घेतला न्हाई.

नव्या घरी पहिल्या दिवशी तिनं हंडा भरून ठेवला आणि समोर बसली. बाहेर इतकं शांत होतं की मलाच चुकल्यासारखं वाटत होतं. तिला ते शांत असलेलं ऐकू येत नव्हतं. ती पाण्याकडं बघून समजून घेत होती. बराच वेळ बसली. मग मला म्हणाली, फार मोठ्यानं, कारण तिला आपला आवाज कळायचा नाही, "झोपलं!"

त्या घरी पाहुणे जेवायला आले होते एकदा, मुलीच्या सासरचे. मी सवयीनं तीच गोष्ट काढली. ती समोर वाढत होती. तिला ऐकू येत नव्हतं, पण माझ्या तोंडाकडं बघून ती ओळखायची. मी "च्या घ्या"पर्यंत आलो, सगळे हसले, आणि ती आमटीचा डाव हातात धरून म्हणाली,

"निळ्या पाठीचं बी सांगा की."

पाहुण्यांना वाटलं, बहिरी आहे, भलतंच काही बोलली. मुलगी म्हणाली, "आई, कसली निळी पाठ?" ती म्हणाली, "त्यांना ठावं हाय," आणि पुढच्या ताटात आमटी वाढली.

रंगाऱ्याचे हात निळे होतात. छाती, पोटावर शिंतोडे उडतात. पाठ निळी होत नाही. पाठ निळी व्हायला ओल्या लडींना टेकून बराच वेळ बसावं लागतं. तो सदरा तिनं त्याच रात्री भिजवला होता. चौकशीला दिवस उलटला नव्हता. चेअरमनकडं ती गेली असती आणि सांगितलं असतं, तर? तिनं नाही सांगितलं. नवरा जीपला भिऊन लपला हे तिनं पेठेत कुणाला कळू दिलं नाही, आणि मी तिचं हसं करत फिरत होतो.

मी चेअरमनवर संशय घेतला, जमीनवाल्यावर, साहेबावर, आक्कावरसुद्धा, की हिनंच भाडेकरू जाऊ नये म्हणून काही सांगितलं नसेल ना. तिच्यावरही घेतला.

त्या दिवसापासून मी ती गोष्ट सांगायची बंद केली. तिला मी एकदा म्हणालो, "माझं चुकलं." ती म्हणाली, "आं?" मी परत म्हणालो. ती म्हणाली, "व्हय, वाढते," आणि भाकरी आणायला उठली. तिसऱ्यांदा म्हणायचा धीर झाला नाही.

तर माझं मत. सरकारनं द्यावं. मधले खातील, खाऊ देत, थोडं तरी खाली पोचतं, मी जोडीदाराच्या हंड्यात बघितलंय. पण द्यायचं तर उपकार केल्यासारखं दारात येऊन चौकशी करू नये. दिवेलागणीला तर मुळीच नको. बाईला तिच्या चुलीपाशी उभं करून, तुला घर नाही असं तिच्या तोंडून वदवून घ्यायचं, ही कसली रीत? आणि ज्या हातानं घर देता त्याच हातानं त्याच साली माणसं उचलू नका. माणूस कोणत्या जीपला भ्यायचं ते विसरतो.

गेल्या महिन्यात एक मुलगी आली. कसल्याशा सर्वेची, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल. संध्याकाळ होती. मी नुकताच दिवा लावला होता. पूर्वी ती लावायची, आता मी लावतो, वात नीट येत नाही.

"आजोबा, घर स्वतःचं आहे का?"

"हाय की."

"सरकारी अनुदान घेतलं होतं?"

"घेतलं न्..." म्हणालो आणि थांबलो. दिव्याकडं बघितलं. म्हणालो, "आमचं आमी बांधलं."

तिनं बोटानं काहीतरी दाबलं. "घरात कोण कोण असतं?"

माझ्या तोंडाशी आलं होतं. एवढंच सांगायचं होतं, की मी एकटा, बायको... आणि पुढचा शब्द. रोज मनात म्हणतो तो. पण घरात उभं राहून, दिवा लागलेला असताना, मोठ्यानं?

"आमी दोघं," मी म्हणालो.

मुलीनं आत डोकावलं. "आजी झोपल्यात का?"

"व्हय."

तिनं दोन लिहिलं आणि गेली. आमच्या घराविषयी सरकारकडं परत एकदा चुकीची नोंद झाली. दुरुस्त करायला कचेरीत जावं लागेल. मी जाणार नाही.